दाताची खिडकी

सांता लुटगार्दा मठाच्या भेटीच्या खोलीत, लोखंडी जाळीच्या शेजारी, भिंतीत एक चौकोनी भोक आहे. त्यावर लाकडी झडप आहे आणि झडपेत एक वाकडा खिळा. अरेकिपा शहरातली म्हातारी माणसं त्याला अजून दाताची खिडकी म्हणतात. भोक माणसाच्या तोंडाएवढंच आहे, कारण ते तेवढ्यासाठीच पाडलं होतं.

मठातल्या नन्स एकदा आत गेल्या की बाहेर येत नसत आणि परक्या पुरुषाला तोंड दाखवत नसत. डॉक्टर आत जाई, पण तो एखादी सिस्टर मरायला टेकल्यावर. त्याच्या पुढे घंटा वाजवत एक म्हातारी सिस्टर चालायची, आणि घंटा ऐकून बाकीच्या आपापल्या खोल्यांत शिरायच्या. दातासाठी घंटा वाजवायची पद्धत नव्हती. आणि दात तर सगळ्यांचेच किडलेले. मठ मिठायांवर चालायचा. पाक झाला की नाही ते जिभेवर घेतल्याशिवाय कळत नाही, आणि लहानपणी आत आलेल्या मुली म्हाताऱ्या होईपर्यंत पाक चाखत राहायच्या.

म्हणून ही खिडकी. दात दुखणारी नन काळ्या फडक्याने कपाळापासून नाकापर्यंत चेहरा झाकून घ्यायची आणि उघडं तोंड आतून भोकाला लावायची. बाहेर डॉन तोरिबियो बायोन हत्यारं घेऊन उभे असायचे. ते न्हावी होते, रक्त काढायचे, जळवा लावायचे आणि दात काढायचे. शहराचा परवाना त्यांच्याकडे होता. ननने पुरुषाशी बोलायचं नाही, म्हणून कोणता दात ते दारावरची सिस्टर पाउला जाळीमागून सांगायची; बोलायची मुभा तिला एकटीलाच होती.

डॉन तोरिबियोंचा हात चांगला होता. पण एकदा मोठा घोटाळा झाला. सिस्टर ब्रिहिदाची खालची उजवी दाढ दुखत होती. सिस्टर पाउलाच्या मनात आलं, डॉन तोरिबियो समोरून बघतात, त्यांना सगळं उलट दिसतं, बिचाऱ्यांचा गोंधळ नको. म्हणून तिने आपणच उलटवून सांगितलं, "खालची डावी."

डॉन तोरिबियोंना मात्र कित्येक वर्षांची सवय होती. रोग्याची डावी ती डावी. त्यांनी दात उपटायची किल्ली लावली, मनगट फिरवलं आणि रोग्याची डावी दाढ बाहेर आली. आतून सिस्टर ब्रिहिदा जोरात ओरडली.

"धीर धरा सिस्टर, झालंच," सिस्टर पाउला म्हणाली.

डॉन तोरिबियोंच्या हातात धडधाकट दाढ होती. पांढरी, कीड नसलेली. त्यांनी ती उजेडात फिरवून पाहिली आणि मग भिंतीला टेकून खाली बसले.

त्या दिवसापासून सिस्टर पाउलाने दाताच्या बाबतीत उजवं-डावं हे शब्दच सोडले. खिडकीशी बसलेल्या ननच्या एका हाताला चर्च आणि दुसऱ्या हाताला स्वयंपाकघर. तेव्हा दाढ एकतर चर्चकडची, नाहीतर स्वयंपाकघराकडची. सगळ्या मठाने ते उचललं. पण भरवसा तेवढ्याने परत आला नाही. सिस्टर्स म्हणू लागल्या, आतून कोणीतरी दातावर बोट ठेवल्याशिवाय आम्ही तोंड लावणार नाही. आणि तोंडातल्या किडीवर बोट ठेवायला आतलं कोणी तयार नव्हतं.

मुलींना आत जायला मनाई नव्हती. डॉन तोरिबियोंची कासिमिरा तेव्हा परकरात होती आणि वस्तऱ्यांना धार लावायला बापाला मदत करायची. तिला आत पाठवलं. बोट ठेवण्यापासून तिचं शिक्षण सुरू झालं.

आत गेल्यावर तिला जे दिसलं ते बापाला कधी दिसलं नव्हतं: अख्खं तोंड, वरून, मागून, बाजूने, अंगणातल्या लख्ख उन्हात. हिरड्यांचा रंग, शेजारच्या दातांचा कल, कोणती दाढ हलते आणि कोणती नुसतीच ठणकते. ती घरी येऊन बापाला सगळं सांगायची. बाप ऐकायचा. मग एकदा त्याने विचारलं, "पोरी, तुला आतून सगळं दिसतं आणि मला बाहेरून ओठ दिसतात. मग हत्यार माझ्या हातात का?"

"कारण तुम्ही बाबा आहात."

"ते खरं. पण दाढेला कुठं ठाऊक आहे?"

त्याने तिला बैलाच्या जबड्यांवर शिकवलं. खाटकाकडून जबडे आणायचे, चुन्याच्या पाण्यात ठेवायचे आणि दात काढायचे. किल्लीने दात एका बाजूला उपटला जातो आणि हाड फुटायची भीती असते, म्हणून तिने पक्कड धरली. दात ओढायचा नाही, हे तिने स्वतःच शोधलं. आधी पक्कड हिरडीत खोल दाबायची, मग गालाकडे, मग टाळूकडे, पुन्हा गालाकडे. हाडातलं घर मोठं होत जातं आणि दात आपण होऊन सुटतो. लोकांना वाटतं दात काढणं हे जोराचं काम आहे. ते वाट बघण्याचं काम आहे.

पुढची बरीच वर्षं मठात दात काढायची कासिमिरा, आणि बाहेरच्या खोलीत खिडकीशी डॉन तोरिबियो उभे राहायचे, म्हणजे काम परवान्याखाली झालं असं म्हणता यावं. दुकानात येणाऱ्या बायकासुद्धा पडद्यामागे कासिमिराकडेच जाऊ लागल्या. दुकानावरची पाटी बापाची, पडद्यामागचा हात लेकीचा. कोणाची तक्रार नव्हती.

चिलीचं सैन्य शहरातून गेल्यावरच्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. डॉन तोरिबियोंचे हात कापायला लागले, इतके की सूपाचा चमचा तोंडाशी नेईपर्यंत रिकामा व्हायचा. आणि शहराच्या वैद्यक मंडळाने फर्मान काढलं: परवानावाल्याने स्वतःच्या हाताने काम केलं पाहिजे, ज्याला ते जमत नाही त्याने पाटी उतरवावी, नव्याने ज्याला काम करायचं त्याने मंडळापुढे परीक्षा द्यावी, जिवंत माणसाचा दात काढून.

फर्मानात कुठे पुरुष असं लिहिलं नव्हतं. लिहिणाऱ्याच्या डोक्यात दुसरं काही आलंच नसणार. कासिमिराने अर्ज दिला आणि मंडळाला नाही म्हणायला कलम सापडेना. तिने फक्त एक जिवंत तोंड आणायचं होतं. सुगीआधी नाही आणलं तर पाटी खाली, दुकान बंद, आणि मठातल्या सगळ्या दाढा पुन्हा सिस्टर पाउलाच्या हवाली.

तोंड कोणी देईना.

डॉन बेनिग्नो तेहादा गाल सुजवून दुकानात आले होते. त्यांचं चिचा, म्हणजे मक्याची दारू, आणि झणझणीत जेवणाचं दुकान होतं आणि झुंजीचा एक बैल होता. बैल गावभर प्रसिद्ध, त्यामुळे मालकही.

"तुझे बाबा कुठेत?"

"बाबांचे हात आता चालत नाहीत, डॉन बेनिग्नो. मी बघते. मंडळापुढे बसाल का? फुकट काढते."

"मंडळापुढे? डॉक्टर बसलेले आणि मी बाईच्या हाताखाली आ वासून? रविवारी झुंजीला कुठल्या तोंडाने जाऊ मी? माझा बैल मला ओळख देणार नाही."

"मग कुणाकडे जाता?"

"लोहाराकडे."

"लोहाराने परवा एकाच्या जबड्याचं हाड मोडलं."

"मोडलं तर मोडलं. पुरुषाने मोडलं," असं म्हणून डॉन बेनिग्नो गालाला हात लावून निघून गेले.

मग ती दोन्या पेरेग्रिनाकडे गेली. ही तिची जुनी गिऱ्हाईक, न्यायाधीशांची बायको, बोलायला मोकळी.

"कासी, तुझ्यापुढे मी तोंड उघडते, कारण तू कासी आहेस. तीन डॉक्टरांपुढे उघडू? अगं, माझे पुढचे दोन दात नकली आहेत हे आमच्या ह्यांनासुद्धा माहीत नाही."

"तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली, दोन्या पेरेग्रिना?"

"म्हणूनच म्हणते. इतकी वर्षं टिकलंय ते मंडळासाठी घालवू?"

सगळ्या बायकांनी वेगवेगळ्या शब्दांत हेच सांगितलं. कासिमिराला राग आला नाही, कारण त्या पडद्यामागे तिच्याकडे याच कारणासाठी येत होत्या.

सिस्टर ब्रिहिदा आता मठाच्या मदर झाल्या होत्या. चांगली दाढ गेली ती त्यांचीच. त्या शिस्तीच्या, कमी बोलणाऱ्या, आणि बायोन घराण्याबद्दल तर फारच कमी बोलणाऱ्या होत्या. कासिमिरा स्वयंपाकघरातल्या एका सिस्टरचा दात बघायला आत गेली होती, तेव्हा मदर अंगणातून चालल्या होत्या. तिने त्यांना अडवलं.

"मदर, तुम्ही कोकाची पानं चघळता आहात."

"उंचावर राहतो. सगळेच चघळतात."

"एकाच गालात. त्याने दात बधिर होतो. आणि हल्ली जेवणाला फक्त सूप घेता, स्वयंपाकघरातल्या सिस्टर तादेआ सांगत होत्या. वरची दाढ आहे ना?"

"तुला कोणी विचारलं?"

"नाही मदर."

मदर चालू लागल्या. मग थांबल्या. "तुझ्या बापाने माझी चांगली दाढ नेली. मी ओरडले तर पाउला मला म्हणते, धीर धरा. आणि दुखरी तशीच. पुन्हा बसावं लागलं."

"त्या वेळी बोट मी ठेवलं होतं मदर. माझं ते पहिलं बोट."

"माहीत आहे. थंडगार होतं." मदरने तिच्याकडे नीट पाहिलं. "तुझं काही काम आहे. सांग."

कासिमिराने सांगितलं. मंडळ, परीक्षा, तोंड.

"म्हणजे मी इथल्या एखादीला हुकूम करू, की जा आणि तीन पुरुषांपुढे तोंड उघड?"

"नाही मदर. मी फक्त विचारलं."

"हुकूम नाही करता येत. कोणाला असा हुकूम करायचा नसतो." मदरने गालावर हात ठेवला आणि लगेच काढला. "मला हुकूम करणारं इथे कोणी नाही, एवढं बरं आहे. त्यांना सांग, भेटीच्या खोलीत या. मी खिडकीशी बसेन. आणि तुझ्या बापालाही घेऊन ये. तो बाहेर बसेल."

"बाबांना कशाला, मदर?"

"मी बसणार आहे, मग त्याने का बसू नये?"

मठाच्या फादरनी विरोध केला. मदरने विचारलं की रोज प्रसाद देताना छोट्या खिडकीतून ते आमची तोंडंच बघतात ना. त्यात पाप नसेल तर यात कसं? फादरनी विचार करून सांगतो म्हटलं आणि परीक्षा होऊन गेली तरी सांगितलं नाही.

परीक्षेच्या सकाळी तिघं डॉक्टर आले. अध्यक्ष डॉक्टर सेगारा, पोट पुढे, टोपी हातात. लिमाहून शिकून आलेला तरुण डॉक्टर येरेना. तिसरे एक वयस्क गृहस्थ, ज्यांना हे सगळं पसंत नव्हतं आणि ते त्यांनी वाटेतच सांगून टाकलं होतं. डॉन तोरिबियो कोपऱ्यात खुर्चीवर बसले, हात अंगावरच्या पाँचोच्या आत. झडप उघडली. भोकात काळं फडकं आणि फडक्याखाली एका बाईचं मिटलेलं तोंड दिसलं.

जाळीमागून सिस्टर पाउला खणखणीत आवाजात म्हणाली, "वरची. स्वयंपाकघराकडची."

डॉक्टरांनी एकमेकांकडे पाहिलं.

"म्हणजे उजवी की डावी?" येरेनाने विचारलं.

"ते शब्द या खोलीत वापरत नाहीत, साहेब."

"का?"

आत कासिमिरा मदरच्या खांद्याशी पक्कड घेऊन उभी होती. तिला उत्तर माहीत होतं. उत्तर दिलं तर बापाचं नाव तीन डॉक्टरांपुढे जाणार होतं. नाही दिलं तर मंडळ म्हणणार होतं की या बायका इथे काहीतरी जादूटोणा करतात.

"आम्ही शरीरशास्त्राची परीक्षा घेतोय की स्वयंपाकाची?" वयस्क डॉक्टर म्हणाले. "उमेदवार, तुम्ही तरी बोला."

"ती रोग्याची..." कासिमिराने सुरुवात केली.

"माझ्यामुळे," कोपऱ्यातून डॉन तोरिबियो म्हणाले. सगळे वळले. "माझ्यामुळे वापरत नाहीत. मी या खिडकीतून चांगली दाढ काढली होती. ज्या आत बसल्यात त्यांचीच. तेव्हा परवाना होता माझ्याकडे."

"चूक मी केली," जाळीमागून सिस्टर पाउला म्हणाली.

"दोघांनी मिळून केली, सिस्टर. तुम्ही एकट्या घेऊ नका."

डॉक्टर सेगारांनी घसा साफ केला. "आणि नंतर?"

"नंतर माझी मुलगी आत गेली, साहेब. आतून बघणारं कोणी हवं होतं. तेव्हापासून तीच काढते. मी इथे उभा राहायचो. नुसता."

हे फर्मानाच्या आधीचं असलं तरी बरोबर नव्हतं, आणि ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं. आत कासिमिराने डोळे मिटून घेतले. तेवढ्यात फडक्याखालचं तोंड उघडलं. पुरुषाशी बोलायचं नाही हा नियम मदरने मोडला नाही. पण तोंड उघडं ठेवून थांबल्या म्हणजे काय सांगायचंय ते कोणालाही कळेल.

तिन्ही डॉक्टर खिडकीशी वाकले. खोलीतला उजेड खिडकीतूनच आत येत होता. तीन डोकी एकदम पुढे आल्यावर आत काळोख झाला.

"साहेब," आतून कासिमिराचा आवाज आला, "उजेड."

डॉक्टर सेगारा मागे सरले. बाकीचे दोघं सरेनात.

"एकेकाने बघा ना. तोंड एकच आहे."

येरेना हसला आणि बाजूला झाला. वयस्क डॉक्टर तिथेच राहिले. तेव्हा कासिमिराने त्यांचा नाद सोडला. तिने मदरच्या गालात लवंगेच्या तेलात भिजवलेला कोकाचा बोळा ठेवला, तो लागू पडेपर्यंत थांबली आणि मग बोटाने काम सुरू केलं. वरच्या दाढेला तीन मुळं असतात, तिन्ही वेगळ्या दिशेला पाय पसरून बसलेली. घाई केली की एखादं आत मोडून राहतं आणि महिनोन् महिने पू धरतं. डोळ्यांपेक्षा बोटाला जास्त कळतं की घर किती सैल झालंय. वर दाबलं. गालाकडे. टाळूकडे. थांबली. पुन्हा गालाकडे. मदरने दोन्ही हातांनी खिडकीची चौकट धरली होती. त्यांची नखं दगडात रुतली होती, पण आवाज आला नाही.

बाहेरून दिसत होतं ते काळं फडकं आणि एका बाईच्या बोटांची पेरं. वयस्क डॉक्टर वाकून वाकून कंटाळले. "सुरुवात कधी करणार?"

तेवढ्यात जाळीशेजारचं फिरतं कपाट खडखडलं. मठातली वस्तू बाहेर द्यायची ती त्या कपाटात ठेवून फिरवतात. कपाट फिरलं आणि एक बशी समोर आली. बशीत दाढ होती, आणि शेजारी सफरचंदासारख्या एका आंबट फळाच्या घट्ट मुरंब्याच्या तीन वड्या. मठातून रिकामी बशी बाहेर जात नाही.

"झालं?" डॉक्टर सेगारांनी विचारलं.

"मघाशीच," सिस्टर पाउला म्हणाली.

येरेनाने दाढ उचलली आणि दारापाशी उन्हात नेली. तिन्ही मुळं पूर्ण होती, आणि एकाच्या टोकाला दाण्याएवढी पुवाची पिशवी तशीच्या तशी चिकटलेली.

"आम्ही बघितलं काय?" वयस्क डॉक्टर म्हणाले. "काळं फडकं."

"मी हे बघितलं," येरेना म्हणाला आणि दाढ त्यांच्या नाकासमोर धरली. "मला अशी काढता येत नाही."

"नियमात प्रत्यक्ष पाहणं म्हटलंय."

जाळीमागे कुजबुज झाली. मग सिस्टर पाउला बोलली. "मदर म्हणतात, ज्यांना दिसलं नाही त्यांना वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. पण आणखी दाढ त्या देणार नाहीत."

डॉक्टर सेगारांनी वडी तोंडात टाकली आणि विचार केला. ते वाईट नव्हते, पण त्यांना शहरात राहायचं होतं. शेवटी ते म्हणाले की परवाना द्यायला हरकत नाही. मात्र बायका आणि मुलं यांच्यापुरता. पुरुषांचे दात काढायचे नाहीत. वयस्क डॉक्टरांनी त्यावर मान डोलावली, कारण त्यांनाही जेवायला जायचं होतं.

"कबूल?" सेगारांनी खिडकीकडे बघत विचारलं.

आत कासिमिरा मदरच्या तोंडातला बोळा बदलत होती. तिला आणखी हवं होतं. पण पाटी राहणार होती, मठ राहणार होता, आणि बापाला आता कोणी काही विचारणार नव्हतं.

"कबूल," ती म्हणाली.

नवी पाटी डॉन तोरिबियोंनी रंगाऱ्याकडून करून घेतली: कासिमिरा बायोन, दात काढणे व भरणे, बायका व मुले. रंगारी म्हणाला, शेवटची ओळ बारीक करू का? कासिमिरा म्हणाली, नको, ठसठशीत कर, म्हणजे मंडळाला लांबून वाचता येईल.

पाटी लागल्यावर एका दुपारी दुकानात एक धिप्पाड बाई आली. काळी शाल कपाळावरून हनुवटीपर्यंत घट्ट ओढलेली, चाल झुंजीच्या बैलासारखी. पडद्यामागे येऊन बाकावर बसली आणि कण्हली.

"शाल नीट घ्या, डॉन बेनिग्नो," कासिमिरा म्हणाली. "मिशी दिसतेय."

शालीतून सुजलेला चेहरा बाहेर आला. "शाल आमच्या हिची आहे. रस्ता ओलांडण्यापुरती घेतली."

"लोहार?"

"त्याने अर्धीच काढली. अर्धी आत आहे. कासिमिराबाई, आई शपथ, मला मारा पण हे थांबवा."

"पाटी वाचता येते ना? तुम्ही बाई नाही."

"नाही."

"मग मुलगा आहात का?"

डॉन बेनिग्नोंच्या डोळ्यांत पाणी होतं. "सकाळपासून आईला हाका मारतोय. पोरगाच समजा."

"बसा नीट. कोणती?"

"उजवीकड..."

"तसं नाही," ती म्हणाली. "बोट लावून दाखवा."

त्यांनी लावलं. त्यानंतर अरेकिपातली बरीच मोठमोठी मुलं तिच्याकडे यायला लागली. काहींना मिशा होत्या, काहींना नातवंडं. काही वर्षांनी डॉक्टर सेगाराही आले, शाल न घेता, पुढच्या दाराने. त्यांना तिने वय विचारलं नाही.

मठात जाऊन स्वतःच्या परवान्यावर काम करायला तिला बिशपकडून कायमची परवानगी मिळाली, तेव्हा बाहेर कोणी उभं राहायची गरज उरली नाही आणि खिडकीचं काम संपलं. मदर ब्रिहिदांनी ती बंद करायला सांगितली आणि निरोप धाडला की खिळा डॉन तोरिबियोंनी ठोकावा, दुसऱ्या कोणी नाही. ते हातोडी घेऊन गेले. हात कापत होते. हातोडी दोनदा भिंतीवर बसली. कासिमिरा पुढे झाली तर त्यांनी तिला थांबवलं. खिळा वाकडा गेला. सिस्टर पाउलाने जाळीतून बघून म्हटलं की चर्चकडे कलला आहे. तो अजून तसाच आहे.